उद्धवरावांनी तपासलेला सप्लाय

उद्धवराव काकांच्या हातात कुठलीही वस्तू दिली की ते आधी ती उलटी करून मागचं लेबल वाचायचे. मिक्सर असो, टेबलफॅन असो, नाहीतर शेजारच्या पोराची खेळण्यातली मोटार. वाचून झालं की चष्मा कपाळावर सारायचे आणि म्हणायचे, "लिहिलंय तर खूप." एवढंच. पण ऐकणाऱ्याला वाटायचं, आता ही वस्तू परत करावी लागणार.

त्यांचा सगळा जन्मच त्यात गेला होता. मूळ औसा तालुक्यातले. लातूरला आयटीआय केलं आणि नोकरीसाठी पिंपरीत आले. भोसरीच्या एका कंपनीत कारखान्यातल्या यंत्रांना वीज पुरवणाऱ्या पेट्या तयार व्हायच्या. तिथे ते टेस्टिंगला लागले आणि बत्तीस वर्षांनी तिथूनच निवृत्त झाले. काम एकच. तयार झालेली पेटी लोडवर लावायची, म्हणजे तिच्यावर पूर्ण भार टाकायचा, ती तापू द्यायची, आणि अठ्ठेचाळीस तास टिकली तर सही करायची. महिनाअखेरीला माल बाहेर काढायची घाई असे, डिस्पॅचवाले डोक्यावर येऊन बसत, साहेब खाली येऊन गोड बोलत. काका घड्याळाकडे बोट दाखवत. कंपनीत त्यांच्यामागे त्यांना 'अठ्ठेचाळीस तास' म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, कारण त्यांची सही असलेली पेटी गिऱ्हाइकाकडून सहसा परत येत नसे आणि हे सगळ्यांना माहीत होतं.

मला हे माहीत झालं ते त्यांच्या मुलीमुळे, दिपालीमुळे. पॉलिटेक्निकला आम्ही एका बाकावर होतो. माझं गाव चाकणच्या पुढे. बस चुकली की मी तिच्याकडे काळेवाडीत राहायची. दुसऱ्या मजल्यावर एक खोली, स्वयंपाकघर आणि पुढे अरुंद गॅलरी. तिची आई कौशल्याबाई, म्हणजे काकू, मला न विचारता माझ्यासाठी दोन भाकरी जास्त थापायच्या. काका जेवताना विचारायचे, "तनुजा, चाकणला लाइट कशी हाय? व्होल्टेज टिकतं का?" घरच्यांची चौकशी त्यानंतर.

डिप्लोमा झाल्यावर आम्ही दोघी चाकणला नोकरीला लागलो. मी अजून तिथेच आहे, क्वालिटीला. दिपालीचं मन मात्र कंपनीत रमलं नाही. ती साच्यांची ड्रॉइंग करायची आणि घरी येऊन कॉम्प्युटरवर हलणारी चित्रं करायला शिकायची. तीन वर्षांत तिने नोकरी सोडली आणि रावेतच्या बिल्डरांसाठी फिल्म करायला लागली. अजून न बांधलेल्या इमारतीच्या बाल्कनीत बसून हसरी माणसं चहा पिताना दिसतात ना, तसल्या. काम चांगलं चाललं होतं. त्यातून वेळ काढून ती स्वतःची एक फिल्म करत होती, तीन मिनिटांची. लहानपणी काका तिला खंडेनवमीला कंपनीत घेऊन गेले होते. यंत्रं बंद, पुसून लख्ख केलेली, प्रत्येकाला हळदकुंकू आणि झेंडूची माळ. सात वर्षांची दिपाली सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाली होती, "अप्पा, आज यांना सुट्टी आहे का?" फिल्म त्याच मुलीची होती. बंद यंत्रांमधून ती एकटी फिरते आणि एकेका यंत्राशी बोलते. ही फिल्म कुणी मागितलेली नव्हती. कुणाला द्यायचीही नव्हती.

संक्रांतीच्या सुमाराला तिच्या डाव्या हातातली वाटी पडली. मग परत एकदा पडली. मग ड्रेसचं बटण लागेना. मानेची नस असेल म्हणून महिनाभर शेक आणि गोळ्या झाल्या. मार्चमध्ये मोठ्या डॉक्टरांनी नाव सांगितलं, मोटर न्यूरॉन डिसीज. आधी हात, मग पाय, मग बोलणं, शेवटी श्वास. किती दिवसांत ते सांगता येत नाही, पण औषध नाही. मी बरोबर होते. काकू पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या. काकांनी एकच विचारलं, "डॉक्टर, ही तपासणी चुकू शकते का?"

"आम्ही दोनदा केली," डॉक्टर म्हणाले.

काकांनी मान हलवली. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांदा तपासून मगच सही केली, त्यांना दोनदाचा अर्थ वेगळा सांगावा लागला नाही.

त्यानंतर काका गप्प झाले. निवृत्त होऊन वर्ष झालं होतं, जायचं कुठे नव्हतं. गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे. दाढी करायचे नाहीत. मी गेले की "आलीस का" म्हणायचे आणि परत रस्त्याकडे बघायचे. दिपाली मात्र काम करत होती. डावा हात मांडीवर ठेवून, उजव्या हाताने.

मे महिन्यात एका दुपारी काळेवाडीतली लाइट गेली, आली, परत गेली आणि परत आली. दिपालीच्या कॉम्प्युटरमधून फट्ट आवाज झाला आणि जळका वास सुटला. आत वीज वाटणारी पेटी असते, दुकानदार तिला एसएमपीएस म्हणतात. काका नुसतं सप्लाय म्हणायचे. जुन्या मशीनमधला तो सप्लाय स्वस्तातला होता. जाताना बोर्ड आणि हार्डडिस्क घेऊन गेला. खंडेनवमीच्या फिल्मचं तीन महिन्यांचं काम त्यात होतं. फेब्रुवारीतली एक कॉपी माझ्या पेनड्राइव्हवर राहिली होती, तेवढीच वाचली.

मी पोचले तेव्हा काकांनी ती पेटी उघडून पेपरवर ठेवली होती. एक कॅपॅसिटर फुटला होता. काका त्याच्याकडे एखाद्या गुन्हेगाराकडे बघावं तसे बघत होते. "माझ्या घरात," ते म्हणाले. "बत्तीस वर्षं मी हेच काम केलं आन् माझ्या घरात हे लागलं होतं. मी कधी उघडून बघितलं न्हाई."

"असू द्या ना अप्पा," दिपाली म्हणाली. "नव्याने करू. आता चांगली मशीनच घेऊ."

तिने सगळं ठरवलंच होतं. एक एक चित्र तयार व्हायला जुन्या मशीनला दहा-दहा मिनिटं लागायची, आणि फिल्मच्या एका सेकंदाला तशी चोवीस चित्रं. एवढी वाट बघायला आता तिच्याकडे सवड नव्हती. दोन मोठी ग्राफिक्स कार्डं असली की काम झटपट होणार होतं, आणि दोन कार्डांना सप्लाय लागणार होता बाराशे वॉटचा.

जूनच्या पहिल्या रविवारी आम्ही तिघं पिंपरी कॅम्पातल्या दुकानात गेलो. दिपालीने डावा हात ओढणीत ठेवला होता. बाकी सामान तिने भराभर घेतलं. सप्लायचं खोकं काउंटरवर आलं तेव्हा काकांनी ते उलटं केलं.

"बाराशे वॉट. कुठल्या तापमानाला?"

दुकानदार हसला. "काका, बाराशे म्हणजे बाराशे."

"तसं नसतं. पंचवीस डिग्रीला बाराशे देणारा पन्नास डिग्रीला नऊशेवर येतो. आमची खोली वरच्या मजल्यावर हाय. स्लॅब तापली की घरातच चाळीस. डब्याच्या आत किती व्हईल?"

दुकानदाराने मोबाइलमध्ये शोधलं, त्याला काही सापडलं नाही. भला माणूस होता. म्हणाला, "घेऊन जा, नाही पटला तर बदलून देतो."

"मी लोडवर घेतल्याशिवाय हा मशीनला लागणार न्हाई," काका म्हणाले.

मार्चपासून त्यांचा एवढा मोठा आवाज मी ऐकला नव्हता. दिपालीने माझ्याकडे बघितलं. तिनेही ऐकला होता.

दुसऱ्या दिवसापासून गॅलरीचं टेस्टिंग डिपार्टमेंट झालं. कॉम्प्युटरची कार्डं बारा व्होल्टवर चालतात आणि मोटारीचे पुढचे दिवेही बारा व्होल्टवरच. काकांनी चाकणच्या एका ओळखीच्या गॅरेजमधून हेडलाइटचे बावीस बल्ब आणले, प्रत्येकी पंचावन्न वॉटचा. जुन्या कपाटाच्या लोखंडी फळीवर ते ओळीने बसवले, एकेकाला स्वतंत्र बटण. सगळे लावले की बरोबर बाराशेच्या वर दहा. कंपनीतल्या जुन्या सोबत्यांनी दोन वस्तू दिल्या. विजेची रेष पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप, आणि घरातलं व्होल्टेज हवं तसं खालीवर करणारा जडशीळ डिमर, जो दोघांनी जिन्यावरून उचलून आणला. सप्लाय एका मोठ्या खोक्यात ठेवला, म्हणजे त्याचीच गरम हवा त्याला घ्यावी लागेल. आत थर्मामीटर. शेजारी शंभर पानी वही आणि दोरा बांधलेलं पेन.

बल्ब एकदम लावायचे नाहीत, एकेक करून. "थंड बल्ब पहिल्या क्षणाला वीज गटागटा पितो," काका मला समजावून सांगायचे. "सगळे एकदम लावले तर चांगला सप्लायही घाबरून बंद पडतो. ते त्याच्यावर अन्याय केल्यासारखं व्हईल."

बल्ब पेटले की गॅलरी भर दुपारी पांढरीफटक व्हायची आणि धग थेट आतल्या खोलीत यायची. शेजारच्या छबूबाई कठड्यावरून वाकून म्हणाल्या, "भाऊजी, पावसाळ्यात पापड वाळवायची सोय झाली बघा." काका हसले. खरंच हसले. काकू स्वयंपाकघरातून बघायला बाहेर आल्या.

पहिला सप्लाय अठरा बल्बांवर बावन्न मिनिटं टिकला. खोक्यातली हवा पंचेचाळीस डिग्रीला पोचली आणि त्याने मान टाकली. थंड झाल्यावर परत लावला, परत तेवढ्याच वेळात बंद. काकांनी तीनदा करून बघितलं, वहीत लिहिलं आणि मग दुकानदाराला फोन केला. दुकानदाराने कबूल केल्याप्रमाणे परत घेतला, पण कंपनीकडे पाठवून दुसरा यायला तीन आठवडे गेले.

दुसरा आला जुलैच्या मध्याला. हा बंद पडला नाही. बावीसच्या बावीस बल्ब पेटले, व्होल्टेज बाराच्या आसपास थांबून राहिलं. मला वाटलं, झालं. काकांनी ऑसिलोस्कोप जोडला आणि मला बोलावलं. "बघ. ही रेष सरळ पाहिजे. हिच्यावर केस दिसूलालेत का?" रेषेवर बारीक लव होती. नियमात एकशेवीस मिलिव्होल्टपर्यंत चालते. सकाळी ती सत्तर होती. सहा तास तापल्यावर एकशेचाळीस झाली. "आज चालंल," काका म्हणाले. "पण ही वीज खाऊन खाऊन दोन वर्षांत कार्डं म्हातारी व्हतील."

दोन वर्षांत. मी वहीत एकशेचाळीस लिहिलं.

त्याच महिन्यातली गोष्ट. रविवार होता. काका ऑसिलोस्कोपची वायर बदलून आणायला भोसरीला गेले होते, काकू दळण आणायला. दिपाली म्हणाली, "तनू, इकडे ये. तुला काहीतरी दाखवायचंय." दोरीवरचा कपड्यांचा चिमटा तिने उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि बोटात धरला आणि दाबला. चिमटा उघडला नाही. तिने परत दाबला. बोट पांढरं पडलं, थरथरलं. चिमटा तसाच.

"कधीपासून?"

"पंधरा दिवस झाले असतील."

मी उठलेच. "आजच काकांना सांगू. एखादा साधा पाचशेचा सप्लाय आणते, एकच कार्ड लावू. तू काम सुरू कर. हे तपासणं राहू दे मागे."

"खाली बस," ती म्हणाली. "आज सकाळी अप्पांनी दाढी केली. बघितलंस? रोज करतात आता. काल आईशी भांडले, भाजीत मीठ कमी म्हणून. मार्चपासून त्यांनी जेवणाची चव सांगितली नव्हती."

"पण तुझा हात, दिपा!"

"माझा हात सप्लायसाठी थांबणार नाहीये, आज लावला काय आणि दोन महिन्यांनी लावला काय. जेवढा जायचा तेवढा जाईलच. अप्पा मात्र थांबले होते गं. आत्ता कुठे चालू झालेत. तू सांगायचं नाहीस."

"आणि फिल्म?"

तिने चिमटा खाली ठेवला. "बघू," म्हणाली.

मी शब्द दिला. त्या वेळी मला तो मोठेपणा वाटला, तिचाही आणि माझाही.

नंतर मला ते सगळं दिसायला लागलं. दिपाली चहा दोन्ही तळव्यांत पेला धरून प्यायची आणि म्हणायची, गरम आहे. काकू तिच्या ताटातली भाकरी वाढतानाच कुस्करून द्यायच्या. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, तरी कळलं होतं. कळलं नव्हतं ते फक्त काकांना, कारण ते गॅलरीत बल्बांकडे तोंड करून जेवायचे.

ऑगस्टमध्ये मी एकदा आडून विचारून बघितलं. "काका, तोवर लहान सप्लाय लावून तिला थोडं काम सुरू करू द्यायचं का?"

काकांनी पेन खाली ठेवलं. "माय, मे महिन्यात काय झालं ते तू बघितलंस. परत जळालं तर तिच्याकडं तिसऱ्यांदा करायला..." ते थांबले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "उजवा हात अजून चांगला हाय तिचा. वर्षभर तरी चांगला राहील. तेवढ्यात तिचं काम एकदाही मोडायला नको. म्हणून तर करूलालोय मी हे."

मी मान हलवली आणि आत गेले. दिपाली दाराआडून ऐकत होती. तिने तोंडावर बोट ठेवायचा प्रयत्न केला. बोट ओठापर्यंत नीट आलं नाही.

तिसरा सप्लाय दुसऱ्या कंपनीचा, काकांनी दहा ठिकाणी विचारून मागवलेला. तो ऐन गणपतीत आला. काकांनी त्याला रोज आठ-आठ तास करून सहा दिवस लोडवर ठेवलं, म्हणजे अठ्ठेचाळीस तास झाले. मग घरातलं व्होल्टेज एकशेसत्तरपर्यंत खाली आणलं, अडीचशेपर्यंत वर नेलं. चालू असताना बटण बंद करून लगेच लावलं, पन्नास वेळा. प्रत्येक प्लगला हात लावून बघितला, कुठला गरम होतोय का. काही झालं नाही. रेष सरळ. मग तीन दिवस विश्रांती आणि परत एकदा सगळं पहिल्यापासून. सप्टेंबर संपत आला होता. शेवटच्या रविवारी सकाळी काकांनी मार्करने त्या पेटीच्या अंगावर तारीख घातली आणि सही केली. तिला मशीनमध्ये बसवलं, एकेक वायर दाबून बघितली, आणि नवा शर्ट घालून दिपालीला हाक मारली.

मशीन चालू झालं. आवाज असा नव्हताच. पडद्यावर फेब्रुवारीतली फिल्म आली, दारात उभी असलेली ती लहान मुलगी. काकू देवापुढची साखर घेऊन आल्या. दिपाली खुर्चीत बसली, उजवा हात उचलून माउसवर ठेवला. बाण हलला. तिने बोट दाबलं.

काही झालं नाही.

तिने परत दाबलं. मग डाव्या हाताने उजव्या हाताला धरून वरून जोर दिला. बाण भलतीकडेच सरकला. ती हसली. "माउस नवीन आहे ना अप्पा, कडक आहे."

काका पुढे झाले. त्यांनी माउस हातात घेतला, उलटा करून बघितला. मग टेबलावर ठेवून एका बोटाने दाबला. टिक. परत दाबला. टिक. तिसऱ्यांदा अगदी हलक्याने, नुसता नखाने. टिक.

माउस टेबलावर ठेवून त्यांनी तिच्या हाताकडे बघितलं. अंगठ्याच्या बुडाशी जिथे मांस असतं तिथे खळगा पडला होता. एवढे दिवस तो हात त्यांच्या घरात, त्यांच्या डोळ्यांसमोर होता.

त्यांनी तिला विचारलं नाही. माझ्याकडे वळून विचारलं, "कधीपासून?"

मला खोटं बोलता आलं नाही. "जुलैपासून, काका."

"जुलैला दुसरा सप्लाय आला होता," ते म्हणाले.

काका गॅलरीत गेले. थोड्या वेळाने मी बघितलं तर फळीवरचे बल्ब एकेक करून काढत होते आणि प्रत्येक बल्ब कागदात गुंडाळून खोक्यात ठेवत होते, फुटू नये म्हणून. बावीस होईपर्यंत त्यांनी वर बघितलं नाही.

तीन आठवडे मी तिकडे गेले नाही. काकांसमोर जायची हिंमत नव्हती. दसरा झाला. मग एके दिवशी दिपालीचा आवाजातला निरोप आला. बोलणं किंचित जड झालं होतं. "ये ना. अप्पा शिकतायत. मजा आहे."

गेले. मशीनसमोर काका बसले होते, माउस हातात, पाठ ताठ. शेजारच्या खुर्चीत मागे उशी लावून दिपाली. ती सांगत होती आणि काका करत होते. "डावीकडे. अजून. थांबा. आता दाबा. अप्पा, तपासू नका, फक्त दाबा!" काका प्रत्येक बटणाआधी विचारायचे, हे दाबल्यावर नेमकं काय होतं, आणि नाही आवडलं तर परत आणता येतं का. परत आणता येतं हे कळल्यावर त्यांना फार बरं वाटलं. एक पूर्ण सकाळ त्यांनी करून आणि परत आणून घालवली. माझ्याकडे बघून ते फक्त म्हणाले, "आलीस का. बस." राग होता की नव्हता, मला कळलं नाही.

रोज सकाळी दहा ते एक ते काम करायचे. फिल्ममधलं एक लेथ मशीन काकांनी पूर्ण स्वतः केलं, दहा दिवस लावून, एकेका नटबोल्टसकट. ते त्यांना आठवणीतून जसंच्या तसं पाठ होतं. "एवढे बोल्ट कुणी मोजणार नाही," दिपाली म्हणाली. "मी मोजले ना," काका म्हणाले. झेंडूच्या माळा काकूंनी सुचवल्या, कुठे गाठ येते आणि कुठे पान. फेब्रुवारीच्या कॉपीतली चाळीस सेकंदांची फिल्म पंचावन्न झाली. संक्रांतीपर्यंत एक मिनिट आणि वर काही.

त्या काळात काळेवाडीतली लाइट कितीदा गेली आणि आली, मशीनला एकदाही धक्का लागला नाही. काका त्याबद्दल कधी बोलले नाहीत.

दिपालीचं बोलणं डिसेंबरात माझ्यासाठी पुसट झालं, जानेवारीत काकूंसाठी. काकांना ते फेब्रुवारीपर्यंत समजत होतं. नंतर त्यांनी एका पुठ्ठ्यावर क, ख, ग लिहिलं. काका अक्षरावर बोट ठेवायचे, ती पापणी मिटायची. एका वाक्याला अर्धा तास. मार्चमध्ये एका सकाळी तिने दोनच अक्षरं दाखवली. बास.

"आजच्यापुरतं?" काकांनी विचारलं.

तिने पापणी मिटली नाही. डोळे तसेच उघडे ठेवून त्यांच्याकडे बघत राहिली. काकांनी काम सेव्ह केलं, पेनड्राइव्हवर एक कॉपी घेतली, दुसऱ्यावर अजून एक, आणि मशीन बंद केलं.

श्रावणात तिला श्वास पुरेना. पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती गेली. मी चाकणला सेकंड शिफ्टला होते. मोबाइल लॉकरमध्ये होता. सुपरवायझर आत येऊन मला बाहेर घेऊन गेला तेव्हा त्याला तोंडाने सांगावं लागलं नाही.

फिल्म एक मिनिट चौदा सेकंदांची आहे. मुलगी तिसऱ्या यंत्रापाशी येते आणि पडदा काळा होतो. रावेतच्या एका बिल्डरकडचा माणूस, दिपालीच्या कामाचा चाहता, म्हणाला की तो पूर्ण करून देईल, तिच्या नोंदी आहेत. काका म्हणाले, नको.

दिवाळीत मी फराळ घेऊन गेले. घरात आकाशकंदील नव्हता. काकू आत होत्या. मी वर्षभर मनात घोळवलेली माफी मागायचं ठरवून आले होते, पण काकाच आधी बोलले.

"तनुजा, मला एक विचारायचंय. खरं सांग. तू जुलैत मला सांगितलं असतंस, तर मी ऐकलं असतं का?"

"ऐकलं असतंत काका. तिच्या हाताचं कळल्यावर कुणीही ऐकलं असतं. चूक माझी आहे. मी सांगायला पाहिजे होतं."

काकांनी चष्मा कपाळावर सारला.

"न्हाई," ते म्हणाले. "मी म्हणलो असतो, अजून आठ दिवस. ते झाल्यावर अजून आठ दिवस म्हणलो असतो. तपासायचं काम हातात होतं तोवर मला बाकीचं बघावं लागत नव्हतं. तिला ते कळत होतं. तू स्वतःला दोष देऊ नको."

"मग तुम्ही तरी कशाला देता?"

काकूंनी आतून विचारलं, भाकरी टाकू का. मी हो म्हटलं. आम्ही तिघं जेवलो. काका म्हणाले, पिठलं चांगलं झालंय.

जानेवारीत त्यांनी काळेवाडीची खोली सोडली आणि गावाकडे, धाकट्या भावाच्या शेजारी राहायला गेले. सामान फारसं नव्हतं. मशीन काकूंनी गोधडीत गुंडाळून टेम्पोत पुढे, स्वतःच्या पायाशी ठेवलं. मी विचारलं, तिकडे लावणार का. काका म्हणाले, माहीत न्हाई, गावात लाइट दिवसातून आठ तास असते. मग खिडकीतून हात बाहेर काढून त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवला, क्षणभर, आणि ड्रायव्हरला निघायला सांगितलं.

टेम्पो रस्त्याच्या वळणावर दिसेनासा झाला. मी स्टॉपवर जाऊन चाकणची बस पकडली. दोनची शिफ्ट होती.